जादा गाडी आणि पाच बिल्ले

तुमच्या ऑफिसात जेवढ्यांना मुभा आहे, तेवढेच लोक बसतात का? खुर्च्यांचं विचारत नाही. कॉम्प्युटरवर जो प्रोग्राम चालतो तो किती जणांनी वापरावा असं परवान्यात लिहिलंय, आणि प्रत्यक्षात किती जण वापरतात, ते विचारतोय. माहीत नसेल तर लाजू नका. कुणालाच माहीत नसतं. या एका प्रश्नापायी अन्नाची चव जाणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला, आणि तो भोरमध्ये भेटला.

आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. ते शाळेत शिकवायचे म्हणून नव्हे. एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणतात, आणि त्यांची सगळी नोकरी भोर तालुक्यातल्या आणि वेल्ह्याकडच्या गाड्यांत उभ्यानं झाली होती. निवृत्त झाल्यावर ते औषधांच्या एका होलसेल पेढीत व्यवस्थापक म्हणून आले. पेढी दोघा भावांची. थोरले शेठ देवधर्माला लागलेले, त्यामुळे कारभार धाकट्या शेठांकडे. मी पुण्यात हार्डवेअरचा कोर्स करून परत आलो होतो आणि पेढीतले कॉम्प्युटर सांभाळायला मला ठेवलं होतं.

पूर्वी जिथं रिकामी खोकी टाकत त्या खोलीत सर्व्हर होता. औषधांचा साठा, बिलं, मुदत संपायच्या तारखा, सगळं त्याच्या पोटात. बाकीचे कॉम्प्युटर त्याला वायरीनं जोडलेले. सर्व्हरबरोबर परवाना आला होता तो एका वेळी पाच जणांचा. सहावा बसला तर सर्व्हर त्याला हाकलत नव्हता. आत कुठंतरी तक्रारीची एक ओळ लिहायचा आणि गप्प राहायचा. सगळीकडे असे सहावे, सातवे, दहावे बसतच होते. ती ओळ कोण वाचतो?

मास्तर वाचायचे. इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण ती ओळ कशी दिसते ते त्यांनी माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. मग त्यांनी एका तांबटाकडून पाच पितळी बिल्ले घडवून घेतले, कंडक्टरच्या छातीवर असतो तसे. सर्व्हरच्या खोलीच्या दाराला पाच खिळे, खिळ्यांना पाच बिल्ले. कामाला बसायचं त्यानं बिल्ला काढून छातीला लावायचा, उठताना परत अडकवायचा. खिळे रिकामे असले तर उभं राहायचं. बाहेरगावी फिरणारा पेढीचा विक्रेता दमून आला आणि बिल्ला न लावताच खुर्चीत बसला, की मास्तरांच्या टेबलाकडून आवाज यायचा, "तिकीट?"

हे सगळं मला पहिल्यांदा येडेपणाचं वाटलं. पण बघत राहावंसं वाटायचं, हेही खरं.

त्यांच्या टेबलापासून सर्व्हरच्या खोलीपर्यंत त्यांनी छताखालून एक दोरी नेली होती आणि तिच्या टोकाला घंटा. सकाळी सगळे आपापल्या जागी बसल्याशिवाय मला सर्व्हर सुरू करायची परवानगी नव्हती. मास्तर दोरी दोनदा ओढायचे. डबल बेल झाली की मी बटण दाबायचो. दुपारी साठ्याची नक्कल काढायची वेळ झाली की एक घंटा, म्हणजे सगळ्यांनी हात थांबवायचे. तिकिटाला भोक पाडायचा त्यांचा जुना चिमटा कायम हातात असायचा. विचारात असले की तो टकटक वाजवायचे. हळू टकटक म्हणजे हिशोब जुळतोय. जोरात टकटक म्हणजे कुणाला तरी बोलणी बसणार. खुर्चीत ते नीट कधी बसले नाहीत, तिरपे बसायचे, एक पाय वाटेत काढून. डबा उभ्यानं खायचे, टेबलाचा कोपरा धरून. जणू पुढं वळण आहे.

जेवण झालं की मात्र ते बिल्ला लावून आपल्या कॉम्प्युटरसमोर बसायचे. हा त्यांचा दिवसातला आवडता वेळ. एका बोटानं कळ दाबत औषधांच्या साठ्यातून फिरायचे, एकेक फडताळ करत. मग सर्व्हरला जोडलेल्यांची यादी उघडून ती शांतपणे बघत बसायचे. भरलेल्या गाडीवरून कंडक्टर नजर फिरवतो ना, तशी.

आणखी एक सवय होती, ती मला बरेच दिवस कळली नाही. तिशीच्या आसपासची कुठलीही बाई दुकानात आली की तिला ते विचारायचे, "दहावी कुठनं केलीस गं?" औषध न्यायला आलेली नर्स असो, नाहीतर पानशेतकडची दुकानदारीण. बाई गोंधळून सांगायची. मास्तर मान हलवायचे. कुणी आंबवड्याकडची निघाली की पुढचा प्रश्न, "एकाच झटक्यात?"

आमच्या वेल्ह्याच्या गोडाऊनला रेहानाभाभी कामाला लागल्या तेव्हाही हेच विचारलं. त्या मूळच्या भोरच्या, नवरा टेम्पो चालवायचा म्हणून वेल्ह्याला राहिलेल्या. "भोरातनंच केली," त्या म्हणाल्या, "आन एकाच झटक्यात. कमी मार्क पडल्यालं सांगू, का ते बी विचारनार हाय तुमी?" मास्तर हसले नाहीत. "पेपर समदे दिल्ते ना? मग झालं," म्हणाले.

त्या काळी मी पत्रकांच्या भाषेत बोलायचो. आमच्या घरी सकाळच्या भाकरीशेजारी कुठल्या ना कुठल्या चळवळीच्या पत्रकांचा गठ्ठा असायचाच. वडील घड्या घालायचे आणि आम्ही वाटायला जायचो. त्यामुळे एक दिवस मी पुण्याहून एक सीडी आणली आणि मास्तरांपुढे ठेवली. ती टाकली की सर्व्हर तक्रारीची ओळसुद्धा लिहिणार नव्हता. कितीही माणसं बसा.

"ही कुणाची?" मास्तर म्हणाले.

"सगळ्यांची. मास्तर, एकदा लिहिलेला प्रोग्राम हजार जणांनी वापरला म्हणून झिजत नाही. ज्ञान कुंपणात घालायचं आणि आत जायला परवाना विकायचा, याला मी लूट म्हणतो."

"बरं."

"आणि मशीन अडवत नाही तर आपण कशाला अडवायचं?"

"एसटीचं दार कुठं अडवतं? उघडंच आसतं. म्हणून तर कंडक्टर लागतो."

"पण लूट आहे हे तुम्हाला पटतं ना?"

"पटंल की. तू लिही तसं. पत्रक काढ, की आमी भोरची मानसं ह्यो परवाना मानत न्हाई आन हजार जनं फुकट बसनार हाय. प्रोग्राम इकनाऱ्या त्या कंपनीला बी एक धाडून दे. पत्रकाखाली छापनाऱ्याचं नाव आसतं का न्हाई?"

"असतं."

"तुझं घाल. मग मी सोता बिल्ले काढून टाकतो." त्यांनी सीडी माझ्याकडे सरकवली. "गुपचूप बसायचं आसंल तर त्याला लढाई म्हनू नको, लेका."

ते पत्रक मी लिहायला घेतलं होतं. शेवटच्या ओळीशी, म्हणजे नावाशी, अडलं. सीडी माझ्या ड्रॉवरमध्ये पडून राहिली.

वेल्ह्याचं काम वाढलं. आदल्या वर्षी भातलावणीच्या दिवसांत तिकडच्या डॉक्टरांनी सर्पदंशावरचं इंजेक्शन न्यायला माणूस थेट भोरला पाठवला होता, आणि ते आमच्या वेल्ह्याच्याच फ्रिजमध्ये मागच्या खणात होतं. रेहानाभाभी त्या दिवशी रजेवर होत्या. भोरमध्ये बसून वेल्ह्याचा साठा कुणालाच दिसत नव्हता, कारण तिथलं सगळं काम हातानं चालायचं. रोगी वाचला, पण डॉक्टरांनी धाकट्या शेठांना फोनवर जे सुनावलं ते आम्ही खोलीबाहेरूनही ऐकलं. ठरलं की वेल्ह्याचा कॉम्प्युटर फोनच्या लाइनवरून भोरला जोडायचा. जुना सर्व्हर आधीच गच्च भरलेला, म्हणून वेल्ह्यासाठी दुसरा घ्यायचा. मास्तर त्याला पहिल्या दिवसापासून जादा गाडी म्हणायला लागले.

तो आणायला आम्ही दोघं पुण्याला गेलो. तिथल्या दुकानदारानं सांगितलं, सर्व्हरचा स्वतःचा परवाना आत आहे, वापरणाऱ्या माणसांचे वेगळे घ्यावे लागतात. धाकट्या शेठांनी फक्त मशीन आणायला सांगितलं होतं. "राहू द्या हो," दुकानदार म्हणाला, "तुमच्या भोरला कोण येतंय तपासायला?"

मास्तरांचा चिमटा खिशातल्या खिशात वाजला.

परतताना एसटीत त्यांनी खोक्याचं पूर्ण तिकीट काढलं. सामानाचं नव्हे, माणसाचं, कारण खोकं सीटवर बसणार होतं. कंडक्टर त्यांच्या हाताखाली शिकलेला. तो म्हणाला, "मास्तर, हाफ चाललं आसतं की. तान्हं हाय आजून."

"सीट अख्खी खातंय. फाड फुल."

शिवऱ्याजवळ गाडी पंक्चर झाली. चाक बदलेपर्यंत आम्ही टपरीवर बसलो. खोकं आमच्या दोघांच्या मध्ये. मी त्यांना विचारलं, मास्तर, हे सगळं कशासाठी? मला चीड नव्हती आली. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. पेढीत त्याच्या दोन-तीन कहाण्या चालायच्या. कुणी म्हणायचं, तपासनीसानं एकदा धरले होते, ती धास्ती आहे. कुणी म्हणायचं, नुसता हट्ट.

मास्तरांनी बशीतला चहा संपवला.

"मेव्हन्याचं लगीन हुतं," ते म्हणाले. "वऱ्हाड माझ्याच गाडीत. घरची मानसं, त्यांचं तिकीट काय काढायचं? बसा म्हनलं. गाडी गच्च. आंबवड्याच्या थांब्यावर एक पोरगी हुभी. शाळंचा डरेस, हातात पास. दहावीच्या परिक्षेचं दिवस. पास वर धरून दाखवत हुती मला. म्या बघितला. जागाच नव्हती, पाय ठिवायला बी. मागनं दुसरी गाडी हाय म्हनलं, आन डबल बेल दिली."

"होती का मागून गाडी?"

"व्हती. ती बंद पडल्याली, ते मला आगारात गेल्यावर कळलं."

"मग पेपर?"

"मला काय ठावं? गाडी म्होरं गेली. मागच्या काचंतनं दिसत हुती, पास तसाच वर धरल्याला." त्यांनी खोक्यावरची धूळ हातानं पुसली. "फुकट बसनारा म्हामंडळाची जागा खात न्हाई बघ. जो रांगेत पास घिऊन हुभा आसतो, त्याची खातो."

कंडक्टरनं हाक मारली. मास्तरांनी आधी खोकं चढवलं, मग स्वतः चढले.

जादा गाडी आली, मी सगळं जोडलं, झेंडूचा हार घातला, आणि मास्तरांनी डबल बेल दिली नाही. माणसांचे परवाने आल्याशिवाय देणार नाही म्हणाले. धाकटे शेठ म्हणाले, "चालतंय ना ते? मग चालवा. परवान्यांवर आणखी पैसे कशाला?" मास्तर म्हणाले, "मला काढून टाका आन चालवा." शेठांना ते जमणार नव्हतं, कारण भोर-वेल्ह्यातला प्रत्येक औषधवाला मास्तरांच्या शब्दावर माल घ्यायचा. मग शेठांनी दुसरा मार्ग काढला. लावणी सुरू व्हायच्या आत वेल्हे जोडलं गेलं नाही तर वेल्ह्याचं गोडाऊन बंद, म्हणाले. हातानं चालणारी शाखा आणि पुन्हा तो डॉक्टर, त्यांना दोन्ही नको होतं.

हार वाळला. सर्व्हरवर प्लॅस्टिक घातलेलं तसंच राहिलं.

रेहानाभाभी एक दिवस सकाळच्या गाडीनं भोरला आल्या. चप्पलसुद्धा न काढता सरळ मास्तरांच्या टेबलापुढे.

"मास्तर, मला बिल्ला का देत न्हाई तुमी?"

"पाचच हायती."

"सहावा घडवा. तांबट काय परदेशी गेलाय व्हय?"

"बिल्ला कुनी बी घडवंल, पोरी. मुभा कुठनं आनू?"

"माजी नोकरी घालवायची मुभा कुनी दिली मग तुमाला? वेल्ह्यात दवाखाना हाय, डॉक्टर हाय, आन दवा भोरात. लोकांनी मरायचं का तुमच्या पितळंपायी?"

भाभींचं म्हणणं खरं होतं. मला वाटलं, आता तरी वाकतील. चिमटा वाजत राहिला, ना हळू, ना जोरात. असा मी तो आधी ऐकला नव्हता.

भाभी गेल्यावर मास्तरांनी मला सर्व्हरच्या खोलीच्या दारापाशी बोलावलं. "तुझी ती सीडी सोडून काय मार्ग हाय?"

एक होता. परवान्याच्या अटींत तो होता, पण मी तो बोललो नव्हतो, कारण त्यातून वेल्ह्याला काहीच मिळत नव्हतं. मी त्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं. आत्ता आपले पाच परवाने तिकिटासारखे आहेत, एकाच गाडीत चालणारे. म्हणून कुणीही बिल्ला घ्यावा आणि बसावं. पण त्यांचे पास करून घेता येतात. पास कॉम्प्युटरला बांधला जातो, मग तो कॉम्प्युटर दोन्ही सर्व्हर वापरू शकतो. जादा गाडीला वेगळी तिकिटं लागत नाहीत.

"पास केला आन परत तिकीट पायजे झालं तर?"

"नाही होत. एकदाच बदलता येतं. मागं फिरता येत नाही."

"मानसं किती?"

"पाचच. बिलिंगचे दोघं, गोडाऊनचा एक, धाकटे शेठ आणि तुम्ही. वेल्हे सहावंच राहतं, मास्तर."

त्यांनी एकेका खिळ्यावर बोट टेकवत पाच मोजले. "कर पास," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहोचलो तेव्हा मास्तर टेबलाखाली वाकलेले होते. त्यांनी आपल्या कॉम्प्युटरची वायर हातानं उपसून काढली आणि गुंडाळून बाजूला ठेवली. पडद्यावर घरून आणलेला पंचा टाकला. छातीवरचा बिल्ला काढून कागदात बांधला आणि एसटी स्टँडवर जाऊन वेल्ह्याच्या गाडीच्या कंडक्टरला दिला. "रेहानाच्या हातात. दुसऱ्या कुनाच्या न्हाई." मग खुर्ची उचलून गोडाऊनमध्ये नेऊन ठेवली आणि दारापाशी येऊन उभे राहिले.

धाकटे शेठ आले. पंचा बघितला, मास्तरांकडे बघितलं. "मास्तर, एका माणसानं काय फरक पडतो? बसा की."

"शेठ, एकाच मानसानं पडतो."

मास्तरांचा पास मी वेल्ह्याच्या कॉम्प्युटरला बांधला आणि दुपारपर्यंत फोनच्या लाइनशी झगडत होतो. मोडेम चिरचिरायचा आणि गळून पडायचा. शेवटी टिकला. मग टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे रेहानाभाभी.

"मास्तर हायत का?"

मी फोन दिला. भाभींचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता. "मास्तर, दिसतंय. मागचा खन बी दिसतोय. तुमचा भोरचा फ्रिज बी दिसतोय, लई पसारा हाय त्यात. बिल्ला पोचला. पदराला लावलाय."

"घट लाव," मास्तर म्हणाले. "पडंल." फोन ठेवला, आणि रिकाम्या टेबलापाशी जाऊन दोरी दोनदा ओढली.

लावण्या झाल्या. वेल्हे चालू राहिलं. त्या हंगामात सर्पदंशाचं इंजेक्शन शोधायला कुणी भोरला आलं नाही. मास्तर मात्र उभेच. जेवण झालं की सवयीनं टेबलापर्यंत जायचे, पंच्यावरून हात फिरवायचे आणि परत यायचे. साठा विचारायचा झाला तर बिलिंगच्या मुलीला विचारायचे, आणि ती पडदा वळवून दाखवायला लागली की मान फिरवायचे. "तू वाचून सांग," म्हणायचे, "पास तुझा हाय."

दिवाळीनंतर धाकट्या शेठांनी जादा परवाने मागवले. का, ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. मी पहिला परवाना घेऊन मास्तरांकडे गेलो. त्यांनी तो बाहेरगावी फिरणाऱ्या विक्रेत्याला दिला. दुसरा माझ्याच मशीनला लावायला सांगितला. तिसऱ्याच्या वेळी म्हणाले, "ऱ्हाऊ दे. हुभं ऱ्हायची सवय परत लागली."

आंबवड्याची ती मुलगी त्यांना सापडली की नाही, मला माहीत नाही. मी पेढी सोडली त्या आठवड्यातही त्यांनी एका नव्या नर्सला विचारलं होतं, "दहावी कुठनं?" ती साताऱ्याकडची निघाली.

माझं मत बदललेलं नाही. ज्ञानाला कुंपण घालणाऱ्यांशी भांडलंच पाहिजे, आणि ते पत्रक मी पुढं पूर्ण केलं, खाली नाव घालून. पण भांडण आणि चोरून बसणं यांतला फरक मला मास्तरांनी दाखवला, आणि तो मला कुठल्याच पत्रकात मिळाला नव्हता.

म्हणून एक विनंती आहे. उद्या कामावर गेलात की परवान्याचा कागद बाहेर काढा आणि मुभा किती जणांना आहे ते वाचा. मग खोलीभर नजर फिरवून माणसं मोजा. अट अन्यायाची वाटली तर उघड लिहा आणि खाली सही करा. लिहायचं नसेल आणि माणसं जास्त निघाली, तर शिपायाला उठवू नका, नव्या मुलीला उठवू नका. तुम्ही उठा. आणि तुमच्या उठण्यानं मोकळी झालेली जागा दारात कोण मागतंय, ते वळून बघा.